ऑडिटमध्ये सी-२बी, दुरुस्तीचा अंदाज १ कोटी ४४ लाख: असा जुना फ्लॅट घेताना अहवाल कसा वाचायचा?

घरशोध_ठाणे

ठाण्यात १९८८ सालच्या सोसायटीतला रीसेल फ्लॅट बघतोय. स्टिल्ट अधिक चार मजले, दोन विंग, ३६ सदनिका. फ्लॅट चौथ्या मजल्यावर, थेट गच्चीखाली. सोसायटीने २०२४ मध्ये स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं होतं, त्याची प्रत विकणाऱ्यांनी दिली. शेवटच्या पानावर "इमारत सी-२बी प्रवर्गात, दुरुस्तीनंतर १० ते १२ वर्षे वापरण्यायोग्य" असं आहे. एजंटचं म्हणणं, सी-२बी म्हणजे काहीच नाही, सगळ्या जुन्या इमारती सी-२बीच असतात. आतली कोष्टकं वाचून मात्र पोटात गोळा येतो:

रिबाउंड हॅमर: सरासरी २९ न्यूटन प्रति चौ. मिमी
यूपीव्ही (काँक्रीटमधून ध्वनिलहर जाण्याचा वेग): २.४ ते ३.६ किमी/सेकंद, बहुतेक ठिकाणी शेरा "शंकास्पद"
कोअर (काँक्रीटमधून कापून काढलेले दंडगोल नमुने): तीन काढले, १४.२, १६.८ आणि ११.९ (समतुल्य घनाची ताकद)
हाफ सेल (सळईच्या गंजाची विद्युत चाचणी): २४ पैकी ९ ठिकाणी उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे, ११ ठिकाणी उणे २०० ते उणे ३५०
कार्बोनेशन: स्टिल्टच्या कॉलमना ३२ ते ४५ मिमी (कव्हर, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटची जाडी, ३८), बीमना २१ (कव्हर २५), स्लॅबला १८ (कव्हर १५)
क्लोराइड: काँक्रीटच्या वजनाच्या ०.०४ टक्के

दुरुस्तीचा अंदाज १ कोटी ४४ लाख अधिक जीएसटी. हॅमर चांगलं म्हणतो, यूपीव्ही वाईट म्हणतो, मग खरं कुणाचं धरायचं? आणि हे आकडे बघून सौदा मोडायचा की भाव पाडायचा?


ओळंबा

आधी एजंटचं. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. "काहीच नाही" हे फार तर सी-३ ला म्हणता येईल, तिथे किरकोळ डागडुजी असते. तुमच्या इमारतीत माणसं राहत असताना कॉलम-बीम फोडून दुरुस्त करायचे आहेत, एवढा त्या अक्षरांचा अर्थ.

हॅमरचा २९ विसरून जा. ते यंत्र दट्ट्या पृष्ठभागावर आपटून किती उसळतो तेवढंच मोजतं, म्हणजे वरच्या इंचभराची गोष्ट सांगतं. कार्बोनेशनने जुन्या काँक्रीटची कातडी टणक होते. या चाचणीचं भारतीय मानक आयएस १३३११, त्याच्या दुसऱ्या भागातच लिहिलंय की अशा पृष्ठभागावर आकडा टोकाच्या परिस्थितीत ५० टक्क्यांपर्यंत जास्त येऊ शकतो. तुमच्याकडे कार्बोनेशन सगळीकडे खोल गेलंय आणि कोअर १४ च्या आसपास आहेत. दोन्ही आकडे एकमेकांना धरूनच आहेत, भांडण नाही.

कोअर बघून घाबरू नका, पण मोजायचं कशाशी ते ठरवा. काँक्रीट बांधकामाचं मानक आयएस ४५६, त्याची कसोटी अशी: तीन कोअरची सरासरी अपेक्षित ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. १९८८ साली एम १५ (म्हणजे १५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट) सर्रास वापरात होतं. आरसीसीला किमान एम २० ही अट २००० च्या आवृत्तीत आली. एम १५ धरलं तर मर्यादा १२.७५ आणि ११.२५. तुमची सरासरी १४.३, सर्वात कमी ११.९. काठावर, पण पास. एम २० धरलं तर मर्यादा १७ आणि १५, म्हणजे सपशेल नापास. अहवालात "मूळ डिझाइन ग्रेड" कुठे नोंदवलीय का ते शोधा. मूळ आरसीसी ड्रॉइंग सोसायटीकडे नसतील तर ऑडिटरने ग्रेड गृहीत धरलेली असते, आणि त्या एका गृहीतकावर प्रवर्ग फिरू शकतो.

यूपीव्हीच्या कोष्टकात "पद्धत" असा रकाना असतो, तो बघा. जुन्या कोष्टकानुसार ३ च्या खाली शंकास्पद, ३ ते ३.५ मध्यम, ३.५ ते ४.५ चांगलं. पण हे थेट पद्धतीसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्रोब समोरासमोर. एकाच बाजूवर दोन्ही प्रोब ठेवून घेतलेलं रीडिंग मुळातच अर्धा ते एक किमी/सेकंदाने कमी येतं. ती दुरुस्ती केली नसेल तर २.८ चं "शंकास्पद" प्रत्यक्षात मध्यम असू शकतं. फोटोही बघा. गिलावा काढून उघड्या काँक्रीटवर ग्रीस लावून प्रोब धरलेत की रंगावरच? गिलावा सुटलेला असेल आणि त्यावरून रीडिंग घेतलं असेल तर तुम्ही मधली पोकळी मोजताय.

मुद्द्याची गोष्ट कार्बोनेशन आणि कव्हर या दोन आकड्यांत आहे. ते अहवालात वेगवेगळ्या पानांवर असतात आणि कोणी शेजारी ठेवून बघत नाही. काँक्रीटच्या अल्कलीमुळे सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड ती अल्कली संपवत आत सरकतो. फिनॉल्फ्थॅलिन मारल्यावर गुलाबी झालं ते शाबूत, रंग आला नाही तो भाग गेला. तो किती खोल सरकला हे साधारण वर्षांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. तुमची इमारत तपासणीच्या वेळी ३६ वर्षांची, वर्गमूळ ६. स्लॅबला १८ मिमी, म्हणजे गुणक ३. कव्हर १५, म्हणजे सळईपर्यंत पोचायला लागली (१५ भागिले ३) चा वर्ग, २५ वर्षं. स्लॅबच्या सळ्यांचं संरक्षण २०१३ च्या सुमारास संपलं. बीमचा गुणक ३.५, कव्हर २५, तिथे ५१ वर्षं येतात, म्हणजे २०३९. कॉलमना काही ठिकाणी पोचलंय, काही ठिकाणी नाही. हा ढोबळ हिशोब आहे, पण कुठला घटक आधी जाणार ते सांगतो: तुमचा स्लॅब.

संरक्षण गेलं म्हणजे लगेच गंज असं मात्र नाही. त्याला ओल लागते. हॉलचा कोरडा स्लॅब कार्बोनेट होऊनही वर्षानुवर्षं तग धरतो. संडास-बाथरूमखालचा आणि गच्चीचा धरत नाही. म्हणून हाफ सेलचे ते ९ बिंदू नकाशावर कुठे आहेत ते शोधा. उणे ३५० च्या पलीकडे म्हणजे गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर. मधला पट्टा अनिश्चित. गंज किती वेगाने चाललाय हे ती चाचणी सांगत नाही.

क्लोराइडकडे ऑडिटरने बहुधा फारसं लक्ष दिलेलं नाही. ०.०४ टक्के दिसायला क्षुल्लक, पण घनमीटरला २४०० किलो धरून गुणा: ०.९६ किलो. आयएस ४५६ ची मर्यादा ०.६ किलो. बांधताना खाडीची रेती किंवा खारं बोअरचं पाणी वापरलं की असं होतं. क्लोराइड असलं की अल्कली शाबूत असतानाही गंज सुरू होतो, आणि एका ठिकाणी पॅच मारला की त्याच्या कडेला लागून नव्याने सुरू होतो. "दुरुस्तीनंतर १० ते १२ वर्षे" या वाक्यावर माझा विश्वास याच आकड्यामुळे कमी आहे.


कोबेवाला

गच्चीखालचा फ्लॅट म्हणून दोन गोष्टी, ज्या अहवालात एका ओळीत उरकलेल्या असतात.

गच्चीवर कोब्याचे, म्हणजे गळती थांबवायला घातलेल्या जाड थराचे, किती थर आहेत ते विचारा. विटांच्या रोड्यांचा कोबा दर १२-१५ वर्षांनी गळायला लागतो आणि जुना न काढता वर नवा घालायची सवय आहे, कारण काढायची मजुरी आणि मलबा उचलणं महाग पडतं. चार इंचांचा एक थर चौरस मीटरला १८० ते २०० किलो. वापरातल्या गच्चीवर डिझाइनमध्ये माणसांचा वगैरे धरलेला भार १५० किलो. म्हणजे जास्तीच्या एका थरातच तो सगळा खर्ची पडला, वर कायमचा. ओळखायची खूण सोपी: जिन्याच्या केबिनच्या दाराचा उंबरठा आणि पॅरापेटची उंची. मूळ पॅरापेट सव्वातीन फूट असून आता जेमतेम अडीच भरत असेल तर नऊ इंच कुठे गेले ते समजा. पावसाळी पाइपची तोंडं कोब्यात बुडालेली दिसली तरी तेच.

दुसरं, फ्लॅटमध्ये जाताना छोटी हातोडी न्या. विकणाऱ्याला विचारून छताला ठोका, खास करून पंख्याच्या हुकाभोवती, बाहेरच्या बीमजवळ आणि बाथरूमच्या वर. ठणठणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर एकतर गिलावा सुटलाय किंवा काँक्रीटचा खालचा पापुद्राच सुटलाय. फरक असा कळतो: नुसता गिलावा सुटलेला असेल तर केसाएवढ्या बारीक वेड्यावाकड्या भेगा, सळई फुगत असेल तर सरळ रेषेत, पाच-सहा इंचांच्या अंतराने समांतर भेगा, कारण सळ्या तशाच बांधलेल्या असतात. कधी कधी त्याच रेषेत तपकिरी डाग येतो. नवा रंग मारलेलं छत असेल तर तिरका टॉर्च धरून फुगवटा बघा. पीओपीचं छत असेल तर एखादा दिवा काढायला लावून भोकातून वर बघा. तेही नको म्हणाले तर त्यातच उत्तर आलं.

त्या काळचे स्लॅब चार ते साडेचार इंच आणि सळई बहुतेक ८ मिमीची. उघडी पडलेली सळई तारेच्या ब्रशने घासून कॅलिपरने मोजली आणि साडेसहा मिमी भरली, तर दिसायला दीड मिमी गेला, पण क्षेत्रफळ एक तृतीयांश गेलं. तिथे जंगरोधक रंग लावून पॉलिमरचा गिलावा मारणं ही दुरुस्ती नव्हे, शेजारी नवी सळई बांधायला लागते. अंदाजपत्रकात "अतिरिक्त सळई" असा बाब क्रमांक आहे का आणि किती किलो धरलीय ते बघा. शून्य किंवा पन्नास-शंभर किलो असेल तर अंदाजपत्रक नुसतं मलमपट्टीचं आहे.


उपविधी_वाचक

काँक्रीटचं वरच्यांनी सांगितलं. पैशाचं मी सांगतो, कारण सौदा तिथेच फसतो.

१ कोटी ४४ लाखांवर १८ टक्के जीएसटी धरला की ३६ सदनिकांना सरासरी ४ लाख ७२ हजार. गिलावा फोडल्याशिवाय आतलं नुकसान दिसत नाही, त्यामुळे अंदाजपत्रकातली परिमाणं तात्पुरती असतात आणि बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघतं. पंचवीस टक्के वाढ धरा, ५ लाख ९० हजार. वर्गणी क्षेत्रफळावर की सरसकट, हे सर्वसाधारण सभेच्या ठरावात असतं. इतिवृत्ताची प्रत मागा, तोंडी उत्तर घेऊ नका.

त्याच इतिवृत्तात बघायचं: दुरुस्ती मंजूर झालीय का, निविदा निघाली का, हप्ते कधीपासून, आणि किती सभासदांनी भरले. २०२४ चा अहवाल असून अजून काम सुरू नसेल तर बहुधा अर्धे लोक पुनर्विकासाच्या आशेवर हात आखडून बसलेत. दुरुस्ती निधीत शिल्लक किती, तेही विचारा. आदर्श उपविधींप्रमाणे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी राखीव निधी) किमान जमायला हवा. बऱ्याच जुन्या सोसायट्यांत तो बांधकाम खर्च १९८८ चाच धरलेला असतो, म्हणून खात्यात चिल्लर निघते.

विक्री करारात स्पष्ट लिहा की अमुक तारखेपर्यंत ठराव झालेली वर्गणी, मग हप्ता नंतर येणार असला तरी, विकणाऱ्याने भरायची. नुसतं "थकबाकी नाही" हे पत्र पुरत नाही. हप्ता अजून देय झालेला नसतो, त्यामुळे पत्र खरंही असतं आणि चार लाख तुमच्या गळ्यातही पडतात.

कायद्याचं एक. ठाणे महापालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५अ लागू आहे. ३० वर्षं झाली की नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थैर्य प्रमाणपत्र, आणि मग दर १० वर्षांनी. तुमच्या इमारतीला ३० वर्षं २०१८ ला झाली. त्या वेळचा अहवाल असायला हवा. तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण सहा वर्षांत काय किती बिघडलं ते दिसेल. मिळाला नाही तर पालिकेची नोटीस आलीय का, ते विचारा.

आणि कर्ज घेणार असाल तर टोकन देण्याआधी बँकेच्या मूल्यांककाला अहवाल दाखवा. कर्जाची मुदत इमारतीच्या उर्वरित आयुष्याशी जोडलेली असते. "१० ते १२ वर्षे" हे वाक्य वाचून २० वर्षांचं कर्ज अडू शकतं.


गच्चीवरचा

एवढी चिरफाड कशाला? इमारत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे. घ्या आणि बसा.


उपविधी_वाचक

@गच्चीवरचा, "जाणारच आहे" हे ठाण्यात प्रत्येक इमारतीबद्दल ऐकायला मिळतं. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ च्या २०१९ च्या निर्देशांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते, ती मिळाली तरी जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, रस्त्याची रुंदी किती, एफएसआय उरतो का, यावर बिल्डर येतो की नाही ते ठरतं. अभिहस्तांतरण झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणापासून (डीम्ड कन्व्हेयन्स) सुरुवात. तोवर स्लॅब थांबत नाही. उलट पुनर्विकासाच्या आशेने दुरुस्ती रखडलेल्या इमारतीच लवकर सी-१ मध्ये जातात.

शिवाय ऑडिट कोणी आणि कशासाठी करवून घेतलं तेही बघा. पुनर्विकास हवा असलेल्या गटाने करवलेला अहवाल काळा असतो, विरोधकांचा पांढरा. मुंबईत दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले की प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं, इतकं हे नेहमीचं आहे.


घरशोध_ठाणे

सर्वांचे आभार. सेक्रेटरींकडून आणखी कागद मिळाले. तिन्ही कोअर स्टिल्टच्या कॉलममधले आहेत, स्लॅबमधला एकही नाही. यूपीव्हीच्या ३६ पैकी ३१ रीडिंग एकाच बाजूने घेतलेली, दुरुस्ती गुणक कुठे दिसत नाही. ३६ पैकी २२ सदनिका आतून पाहिल्या, बाकीच्यांपुढे "बंद / परवानगी नाही", आणि मी बघतोय तो फ्लॅट त्यातच आहे. स्टिल्टमधल्या चार कॉलमना २०१२ मध्ये जॅकेटिंग (कॉलमभोवती नव्या सळ्या आणि काँक्रीटचा थर) केलंय, त्याला अहवालात "समाधानकारक" म्हटलंय. हे जॅकेटिंग जमेची बाजू धरायची का?


ओळंबा

जॅकेटिंग कुठून कुठपर्यंत आहे त्यावर. चारही बाजूंनी चार इंच वाढलेला कॉलम भक्कम दिसतो, पण जॅकेट लादीपासून सुरू होऊन बीमच्या तळाशी संपत असेल तर वजन त्यात उतरतच नाही. ते खाली फुटिंगपर्यंत (कॉलमच्या पायापर्यंत) नेऊन तिथे सळ्या रसायनाने रोवायला लागतात आणि वर निदान पुढच्या मजल्याच्या कॉलममध्ये सळ्या स्लॅब भेदून न्यायला लागतात. तपासायला पहिल्या मजल्यावर त्याच कॉलमची रुंदी मोजा. खाली १७ इंच आणि वर मूळ ९ इंच असेल, आणि स्लॅबमधून सळई गेल्याचा कागद किंवा फोटो नसेल, तर जॅकेट ही फक्त आतल्या गंजाला घातलेली टोपी समजा. २०१२ च्या कामाची बिलं मिळाली तर त्यात मायक्रोकाँक्रीटच्या किती पिशव्या लागल्या ते बघा. नऊ फुटी कॉलमला ९ बाय १८ वरून १७ बाय २६ केलं की भरायचं घनफळ साधारण ०.५ घनमीटर होतं. २५ किलोच्या पिशवीतून खडी न घालता जेमतेम १२-१३ लिटर माल निघतो, म्हणजे एका कॉलमला सुमारे ४० पिशव्या. खडी मिसळली असेल तर वीस-पंचवीस. चार कॉलमला मिळून वीस पिशव्या दिसल्या तर उरलेलं साधं सिमेंट-रेतीचं मिश्रण आहे.

कोअर फक्त कॉलमचे आहेत म्हणजे स्लॅबबद्दल अहवालाला फार थोडं माहीत आहे, आणि नेमका स्लॅबच तुमचा कमकुवत घटक. बंद सदनिकांच्या यादीत तुमचा फ्लॅट असणं ही संपूर्ण अहवालातली सर्वात महत्त्वाची नोंद. सी-२बी हा प्रवर्ग तुमच्या छताकडे न बघता दिलाय.

म्हणून स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर न्या, सोसायटीच्या ऑडिटरचा ओळखीचा नको. त्याला फक्त हा फ्लॅट, वरची गच्ची आणि खालच्या तिसऱ्या मजल्याच्या बाथरूमचं छत दाखवा, कारण तुमच्या मोरीखालचा स्लॅब तिथूनच दिसतो. विकणाऱ्याची लेखी परवानगी घेऊन छताला दोन ठिकाणी सहा इंच बाय सहा इंच गिलावा आणि कव्हर काढायला सांगा: एक बाथरूमच्या छताला, एक बाहेरच्या बीमला लागून. तिथे सळईचा व्यास मोजायचा, फिनॉल्फ्थॅलिन मारायचं आणि पॉलिमर मॉर्टरने लगेच बुजवायचं. अर्ध्या दिवसाचं काम. व्यास ७.५ च्या वर निघाला तर ५ लाख ९० हजार भावातून वजा करून बोलणी करा. ७ च्या खाली निघाला तर स्लॅब नव्याने घालायचा खर्च वेगळा काढायला लागेल, आणि तो खर्च सोसायटीचा की तुमचा हे ठरल्याशिवाय टोकन देऊ नका.


कोबेवाला

एक भर. बाथरूमचं छत उघडताना गच्चीवर त्या जागी पाण्याची टाकी आहे का ते आधी बघा. टाकीचे पाय स्लॅबवर टेकवलेले असतील, बीमवर नसतील, तर आधी टाकी रिकामी करून घ्या, मगच खालून हातोडी लावा.